खिडक्या दोन, खिसा एक

घरातला एकच माणूस संगणकापुढे बसतो आणि साऱ्या घरादाराची कामे उरकतो, हे दृश्य परदेशातल्या आपल्या घरांना नवे नाही. मुलांच्या शाळेचे फॉर्म, आपला कर, भारतातल्या बँकेचे खाते आणि आई-बाबा इथे येऊन राहिले असतील तर त्यांचे डॉक्टर, औषधे, विमा. प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्ड वेगळा. पण बोटे एकाच माणसाची आणि संगणकही एकच. मग साहजिकच आपण दोन खिडक्या उघडतो. एकीत आईंचे खाते, दुसरीत बाबांचे. डोळ्यांना दोन वेगळी पाने दिसतात, म्हणून ती आतूनही वेगळी असतील असे आपण धरून चालतो. ती तशी नसतात, एवढेच या लेखात सांगायचे आहे. आम्हा दोघांपैकी एक संगणकाच्या धंद्यात आहे आणि दुसऱ्याकडे घरच्या औषधपाण्याचे खाते आहे. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आमच्या जेवणाच्या टेबलावर येत असतात.

आमच्या घरी आई आणि बाबा दोघांनाही मधुमेह आहे. दोघांचे रुग्णालय एक, आणि डॉक्टरांना निरोप धाडण्यासाठी त्या रुग्णालयाचे संकेतस्थळही एकच. रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा दोष अनेक ठिकाणी सापडतो. आईंना नव्या गोळीने मळमळत होते. डोस कमी करावा का, असे विचारणारा निरोप आम्ही त्यांच्या खात्यातून लिहायला घेतला. निरोप अर्धा झाला असताना बाबांच्या रक्ततपासणीचा निकाल आल्याची सूचना आली. म्हणून दुसरी खिडकी उघडून, लॉग-इनच्या पानावर बाबांचे नाव आणि पासवर्ड घालून तो निकाल पाहिला. संकेतस्थळाने काही हरकत घेतली नाही. पुन्हा पहिल्या खिडकीकडे वळलो. वर आईंचे नाव होते, खाली अर्धा निरोप तसाच होता. निरोपात गोळीचा नेमका डोस लिहावा म्हणून त्याच खिडकीत औषधांच्या यादीवर टिचकी मारली, तर समोर आली ती बाबांची यादी! त्या खिडकीत बाबांचा पासवर्ड कोणीही घातला नव्हता.

निरोप तसाच धाडला गेला असता तर काय झाले असते? आईंची मळमळ बाबांच्या कागदावर गेली असती, डॉक्टरांनी कदाचित बाबांचा डोस निम्मा केला असता आणि आई तिकडे मळमळत बसल्या असत्या. आम्ही रुग्णालयाला फोन केला. पलीकडून उत्तर मिळाले, "एका वेळी एकच खिडकी उघडी ठेवा." सल्ला सोपा आहे. पण असे का होते, हे त्यांनी सांगितले नाही.

बाबा पोस्टात नोकरीला होते. ते हा सगळा प्रकार मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "अरे, आमच्या पोस्टात दोन खिडक्या असल्या की आत दोन कारकून असत आणि दोन वह्या असत. तुमच्या या खिडक्या आहेत का नुसती भिंतीवरची चित्रं?" बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

वेबची मूळ रचना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत केली, ती कागदपत्रे वाचण्याच्या सोयीसाठी. एचटीटीपी या ज्या नियमाने ब्राउझर आणि दूरचा संगणक एकमेकांशी बोलतात, तो नियम मुळातच विसराळू आहे. तुम्ही पान मागता, तो पान देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढचे पान मागितले की तुम्ही त्याच्या लेखी पुन्हा अनोळखी. नुसते वाचायचे असेल तर याने काही बिघडत नाही. पण दुकानात टोपली भरायची असेल किंवा आपले खाते पाहायचे असेल, तर "मघाशी आलेला तो मीच" हे प्रत्येक वेळी पटवून द्यावे लागते.

यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण प्रोग्रामरने तोडगा काढला, तो म्हणजे कुकी. नाव बिस्किटाचे असले तरी ते आले युनिक्स मंडळींच्या 'मॅजिक कुकी' या जुन्या शब्दावरून. कुकी म्हणजे काय, हे बाबांना आम्ही असे सांगितले. आपण देवळात जाताना बाहेर चपला ठेवतो. तिथला माणूस आपल्याला नंबराचा बिल्ला देतो. परत येताना तो आपला चेहरा पाहत नाही, नावही विचारत नाही. बिल्ला पाहतो आणि त्या नंबराच्या चपला पुढे करतो. लॉग-इन केल्यावर संकेतस्थळ असाच एक भला लांबलचक, कोणाला ओळखता न येणारा नंबर आपल्या ब्राउझरला देते. ब्राउझर तो खिशात ठेवतो आणि पुढे प्रत्येक टिचकीबरोबर निमूटपणे दाखवतो. लॉग-इनपासून लॉग-आउटपर्यंतच्या या साऱ्या व्यवहाराला सेशन म्हणतात.

आता खरी मेख इथे आहे. हा बिल्ला असतो ब्राउझरच्या खिशात. खिडकीला स्वतःचा खिसा नसतो. कुकीची ओळख तीन गोष्टींवरून ठरते: तिचे नाव, ती कोणत्या संकेतस्थळाची आहे तो पत्ता, आणि त्या पत्त्यातला मार्ग. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२६५ या नियमपत्रात हे स्पष्ट लिहिले आहे. या तिन्ही गोष्टी सारख्या असलेली नवी कुकी आली की जुनी पुसली जाते. यात खिडकीचा उल्लेखच नाही. आईंच्या लॉग-इनने खिशात एक बिल्ला आला. बाबांच्या लॉग-इनने त्याच नावाचा दुसरा बिल्ला आला आणि पहिला गेला. त्यानंतर कोणत्याही खिडकीतून हात घातला तरी हाती लागणार तो बाबांचाच बिल्ला.

मग आईंची खिडकी आईंचेच नाव का दाखवत होती? कारण समोरचे पान हा आधी काढून ठेवलेला फोटो असतो. फोटोतला माणूस उठून गेला म्हणून फोटो बदलत नाही. पुढची टिचकी मारेपर्यंत जुने नाव, जुनी यादी, जुना फॉर्म तसाच दिसत राहतो. फॉर्म भरून बटण दाबले की मजकूर जातो आईंचा आणि त्याबरोबर बिल्ला जातो बाबांचा. दूरचा संगणक बिल्ल्यावर विश्वास ठेवतो. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे खिडक्या दोन आणि खिसा एक." लेखाचे नाव त्यांनीच दिले आहे.

जुन्या मंडळींना वाटेल, पूर्वी तर असे होत नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत पडद्यावरच्या चिन्हावर पुन्हा टिचकी मारून नवी खिडकी उघडली, तर लॉग-इनच्या अशा तात्पुरत्या कुकींसाठी तिचा खिसा सहसा वेगळा असे. उघड्या खिडकीतूनच दुसरी काढली तर मात्र खिसा एकच. दिसायला दोन्ही खिडक्या सारख्याच, त्यामुळे कोणती कशी उघडली ते माणूस विसरून जाई. २००९ साली आठवी आवृत्ती आली आणि सगळ्या खिडक्यांचा खिसा एक झाला. वेगळा हवा असेल तर फाइलच्या यादीतून 'न्यू सेशन' मागून घ्यावे लागे. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण त्याने लावलेली सवय अनेकांच्या बोटांत अजून आहे.

आता उपायांकडे वळू. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन माणसांसाठी दोन वेगळे ब्राउझर. क्रोमचा खिसा फायरफॉक्सला दिसत नाही आणि एजचा सफारीला दिसत नाही. आईंचे काम एकात आणि बाबांचे दुसऱ्यात असे ठरवून टाकले की कोणाची कुकी कोणाला पुसत नाही. आम्ही फोन ठेवल्या ठेवल्या त्या दिवसापुरते हेच केले.

दुसरा उपाय पुष्कळांना माहीत असतो, तो म्हणजे खासगी खिडकी, क्रोममध्ये जिला इन्कॉग्निटो म्हणतात. तिचा खिसा नेहमीच्या खिडक्यांपेक्षा वेगळा असतो, म्हणून दोन माणसांचे काम तिने भागते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्रोममध्ये आपण उघडाल तेवढ्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या मिळून खिसा एकच असतो. म्हणजे तिसऱ्या माणसासाठी आणखी एक इन्कॉग्निटो खिडकी उघडली, तर दुसऱ्याचा बिल्ला गेलाच. आणि तो खिसा रिकामा होतो तो अशी शेवटची खिडकी बंद केल्यावर. एखादी कोपऱ्यात उघडी राहिली तर बिल्लाही तसाच राहतो. शिवाय खासगी या शब्दाने फसू नये. आपण कुठे गेलो हे कचेरीच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या नजरेपासून ती लपवत नाही. ती फक्त आपल्या संगणकावर मागे खुणा ठेवत नाही.

तिसरा आणि आमच्या मते घरासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रोफाइल. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत प्रत्येक माणसाचे वेगळे प्रोफाइल करता येते. सफारीत ही सोय २०२३ साली सतराव्या आवृत्तीबरोबर आली. प्रत्येक प्रोफाइलचा खिसा वेगळा; क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये तर खुणा करून ठेवलेली पाने आणि साठवलेले पासवर्डही वेगळे. शिवाय प्रत्येकाला रंग किंवा चित्र देता येते. आमच्याकडे आईंच्या खिडकीची कड हिरवी आहे आणि बाबांच्या खिडकीची निळी. रंग पाहिला की कोणाच्या कागदपत्रांत आपण आहोत ते चटकन कळते. मात्र प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. संगणकापुढे बसलेला कोणीही एकातून दुसऱ्यात जाऊ शकतो. पाहुण्यांपासून किंवा मुलांपासून काही जपायचे असेल, तर संगणकावरच प्रत्येकाचे वेगळे खाते करावे.

फायरफॉक्सला २०१७ पासून 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' नावाची एक जोडही मिळते. तिच्यामुळे एकाच खिडकीतल्या टॅबना रंग देऊन प्रत्येक रंगाचा खिसा वेगळा ठेवता येतो. ज्यांना एकाच वेळी चार-पाच खाती सांभाळायची असतात, त्यांना ती फार सोयीची वाटेल.

काही संकेतस्थळांनी हा प्रश्न आपल्या बाजूने सोडवला आहे. गूगलने २०१० साली एकाच ब्राउझरमध्ये अनेक खात्यांत लॉग-इन करण्याची सोय आणली. जीमेलच्या पत्त्यात शून्य, एक, दोन असा आकडा दिसतो, तो कोणते खाते ते सांगतो. म्हणजे बिल्ले एकत्र ठेवले तरी कोणता काढायचा हे प्रत्येक पानाचा पत्ताच सांगतो. पण हा आकडा माणसाचा नसतो, लॉग-इन केलेल्या क्रमाचा असतो. आज आईंचे खाते शून्य असेल, तर उद्या बाबांनी आधी लॉग-इन केल्यावर ते एक होईल. पत्ता जपून ठेवला तरी पानावरचे नाव वाचावेच लागते.

आमचे हे सगळे ऐकून घेतल्यावर आईंनी एकच प्रश्न विचारला, "ते सगळं असू दे. माझं औषध माझ्याच नावावर लिहिलेलं आहे ना?" कुकीशी त्यांना काही देणेघेणे नाही, आणि असूही नये. इंग्रजी पानापुढे त्या स्वतः बसत नाहीत, आम्ही बसतो. ज्याच्या नावाने आपण बटण दाबतो, त्याला ते बटण दिसतही नसते. त्यामुळे नाव तपासण्याची जबाबदारी दोघांवर येते: बटण दाबणाऱ्यावर आणि बटण बनवणाऱ्यावर. बनवणारे आपल्या मंडळातही बरेच आहेत, म्हणून पुढचे थोडे त्यांच्यासाठी.

अमेरिकेत अनेक रुग्णालये 'प्रॉक्सी ॲक्सेस' देतात. म्हणजे आईंच्या संमतीने त्यांचे खाते आपल्या स्वतःच्या लॉग-इनमधून पाहता येते. दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच चांगला, आणि आम्ही तो आता घेतला आहे. पण तिथेही एक खड्डा असू शकतो. लॉग-इन एकच, आणि आतल्या यादीतून रुग्ण निवडायचा. काही प्रोग्रामर हा निवडलेला रुग्ण सेशनमध्ये लिहून ठेवतात. एका खिडकीत आई निवडल्या, दुसऱ्या खिडकीत बाबा निवडले, की पहिल्या खिडकीच्या पाठीमागचा रुग्ण गुपचूप बदलतो. म्हणजे माणूस एक, बिल्ला एक, आणि तरीही घोटाळा तोच. याला इलाज म्हणजे निवडलेला रुग्ण सेशनमध्ये न ठेवता पानाच्या पत्त्यात आणि फॉर्ममध्ये ठेवणे, आणि या माणसाला या रुग्णाचे कागद पाहायचा अधिकार आहे का, हे दूरच्या संगणकाने प्रत्येक वेळी नव्याने तपासणे.

दोन वेगळ्या लॉग-इनसाठीही असेच करता येते. पान कोणासाठी बनवले ते फॉर्ममध्येच नोंदवावे आणि फॉर्म परत आला की बिल्ल्याशी ताडून पाहावे. जुळले नाही तर फॉर्म घेऊ नये, आणि काय झाले ते साध्या वाक्यात सांगावे. परक्या संकेतस्थळावरून खोटे फॉर्म येऊ नयेत म्हणून फॉर्ममध्ये जो गुप्त शब्द ठेवतात, तो सेशनशी बांधलेला असेल तर हे काम आपोआप होते. जुन्या सेशनचा शब्द नव्या सेशनला चालत नाही. एका टॅबमध्ये माणूस बदलला की बाकीच्या टॅबना तसे कळवून त्यांच्यावर पडदा टाकण्याची सोयही आजच्या ब्राउझरमध्ये आहे, तिला ब्रॉडकास्ट चॅनेल म्हणतात. सेशनचा नंबर पानाच्या पत्त्यात घालण्याचा जुना मार्ग मात्र पुन्हा कोणी धरू नये. त्याने खिडक्या वेगळ्या राहतात खऱ्या, पण तो पत्ता कोणी कौतुकाने भावाला पाठवला तर त्याबरोबर आपला बिल्लाही जातो.

"एकच खिडकी उघडी ठेवा" हा सल्ला देणाऱ्यांसाठी एक दाखला. डॉक्टरांच्या पडद्यावर एका वेळी किती रुग्णांची नोंद उघडी असावी, यावर न्यूयॉर्कमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ३,३५६ डॉक्टर आणि इतर वैद्यकीय मंडळी होती. एका गटाला एका वेळी एकच नोंद उघडता येत होती, दुसऱ्याला चारपर्यंत. चुकीच्या रुग्णाच्या नावे औषध किंवा तपासणी लिहिली जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. तो प्रश्न माणसाच्या लक्षाचा होता आणि आमचा कुकीचा, हे खरे. पण खिडक्या मोजून माणसाची ओळख पक्की होत नाही, एवढे त्यातूनही दिसते.

शेवटी लॉग-आउटविषयी, कारण सार्वजनिक वाचनालयातला संगणक वापरणारे सभासदही आपल्यात आहेत. खिडकी बंद केली म्हणजे लॉग-आउट झाले असे नाही. ब्राउझरची दुसरी खिडकी उघडी असेल तर बिल्ला खिशातच राहतो. आणि 'जिथे सोडले तिथून पुढे चालू' अशी सोय लावलेली असेल, तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला तरीही बिल्ला परत येऊ शकतो. आधी लॉग-आउटचे बटण दाबावे, मग खिडक्या बंद कराव्यात. उलट घरी एक लक्षात असू द्यावे, की एका खिडकीत लॉग-आउट केले की त्या खिशातल्या सगळ्या खिडक्यांचे लॉग-आउट होते. दुसरीकडे अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो आधी पुरा करावा.

आम्ही घरी आता एवढे पाळतो: माणसागणिक एक प्रोफाइल, त्याला त्याचा रंग, आणि कोणतेही महत्त्वाचे बटण दाबण्याआधी पान एकदा नव्याने मागवून वरचे नाव मोठ्याने वाचणे. फॉर्म लांबलचक असेल तर नाव आधी तपासतो, मग लिहायला घेतो, कारण पान नव्याने मागवले की लिहिलेले जाऊ शकते. बाबांना हे मोठ्याने वाचणे फार आवडले. पोस्टात मनिऑर्डर देताना ते तेच करत.

ज्यांना प्रोफाइल करायला अडचण येते त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आपला लॅपटॉप घेऊन यावे. चहाच्या वेळी आम्ही दोघेही मागच्या टेबलापाशी असतो. एका घराला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. येताना घरात कोणाकोणाची खाती आहेत त्याची यादी आणावी. पासवर्ड मात्र आणू नयेत, ते आम्हाला नकोत.